वासरांतली गाय गायींत गेल्यावर

दिवाळीला भाची घरी आली होती. दहावीला तालुक्यात पहिली आली, म्हणून जूनमध्ये तिला लातूरला ‘नीट’च्या क्लासला घातलं होतं. फराळाला बसल्यावर मी सहज विचारलं, “काय म्हणतंय फिजिक्स?” तिनं चकलीचा तुकडा मोडला, तसाच ताटात ठेवला आणि म्हणाली, “मामा, मी हुशार नव्हतेच कधी. गावात तसं वाटायचं, इतकंच.”

चार महिन्यांत ती कितीतरी नवं शिकली होती. तरी स्वतःबद्दलचं मत मात्र घसरलं होतं. हे असं का होतं यावर सामाजिक मानसशास्त्रात भरपूर काम झालंय, आणि मुलांना मोठ्या शहरात पाठवणाऱ्या प्रत्येक घरानं ते माहीत करून घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं.

‘मी कोण, मला काय येतं’ याचं जे चित्र आपण मनात बाळगतो, ती स्वसंकल्पना. त्या चित्राला आपण जी किंमत देतो, तो आत्मसन्मान. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं 1890 मध्ये आत्मसन्मानाचं गणितच मांडलं होतं : यश भागिले अपेक्षा. त्यानं उदाहरण स्वतःचंच दिलं. मानसशास्त्रात कुणी आपल्याहून जास्त जाणतं म्हटलं की त्याला झोंबायचं, पण ग्रीक भाषा येत नाही याचं त्याला काहीच वाटत नसे. जिथं अपेक्षाच नाही, तिथं अपयशही बोचत नाही.

पण आपण यशस्वी आहोत की नाही, हे ठरवायचं कशावरून? उंची मोजायला टेप असते, हुशारी मोजायला घरात काही नसतं. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्ये म्हटलं की असं ठोस माप हाताशी नसलं की माणूस शेजारच्याकडे, त्यातही आपल्यासारख्याच असलेल्याकडे बघून स्वतःला मोजतो. भाचीचा शेजार जूनमध्ये बदलला. गावच्या वर्गात सगळे तिच्या वहीतून उतरवून घ्यायचे. लातूरच्या बॅचमध्ये प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून पहिला आलेला, आणि दर आठवड्याच्या परीक्षेनंतर बोर्डावर यादी लागते. तिचं नाव होतं चौसष्टावं.

हर्बर्ट मार्श या संशोधकानं 1980च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या शाळांवर काम करताना याला ‘छोट्या तळ्यातला मोठा मासा’ असं नाव दिलं. आपल्याकडे ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही म्हण आधीपासूनच आहे, फक्त ती आपण गाईला हिणवायला वापरतो. मार्शनं प्रश्न उलटा विचारला : ती गाय धडधाकट गायींत गेली की तिला स्वतःबद्दल काय वाटतं? सारख्याच क्षमतेची दोन मुलं घ्या, एक साध्या शाळेतलं, दुसरं निवडक हुशार मुलांच्या शाळेतलं. दुसरं मूल अभ्यासाच्या बाबतीत स्वतःला कमी लेखतं. 2003 मध्ये मार्श आणि किट-ताय हाऊ यांनी 26 देशांतल्या 3,851 शाळांमधल्या 15 वर्षांच्या 1,03,558 मुलांची माहिती तपासली, तेव्हा जवळजवळ सगळीकडे हेच चित्र दिसलं. नावाजलेल्या शाळेत असल्याचा अभिमानही मुलांना असतो, तो थोडा आधार देतो. पण तुलनेचा फटका सहसा त्याहून मोठा ठरतो.

मुलं दुसरी एक तुलना करतात, ती स्वतःच्याच दोन विषयांत, आणि मला ती जास्त नवलाची वाटते. ज्याचं गणित चांगलं त्याची भाषाही बहुधा चांगली असते. पण मार्शला असं आढळलं की या दोन विषयांबद्दल मुलांची मतं एकमेकांशी फारशी जुळतच नाहीत. एका विषयातलं यश दुसऱ्याला झाकोळून टाकतं. भाचीला दहावीत गणितात 97 होते, मराठीत 88. ती आजही सगळ्यांना सांगते, “माझं मराठी कच्चं आहे.” 88 मार्कांना कच्चं म्हणणारी मुलगी कुणाशी तुलना करत असते? स्वतःच्याच 97शी.

दिलासा एवढाच की या फटक्याचा मार बसतो तो मुख्यतः अभ्यासाबद्दलच्या मतावर, एकूण आत्मसन्मानाला त्याची झळ फार कमी लागते. पण ज्यानं आपली सगळी किंमत मार्कांवरच लावली आहे त्याचं काय? मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या नोंदी पाहिल्या. प्रवेश मिळाल्याच्या दिवशी आत्मसन्मान वर, नकाराच्या दिवशी खाली. आणि अभ्यासावरच स्वतःला तोलणाऱ्यांमध्ये हा चढउतार सगळ्यात मोठा. जेवताना, झोपताना, फोनवर फक्त रँकच विचारणारं घर मुलाला नेमकं असंच तोलायला शिकवतं. आमचंही त्यातलंच होतं. माझाही पहिला प्रश्न फिजिक्सचाच होता.

“तू हुशारच आहेस गं” म्हणून भागत नाही, कारण बोर्डावरची यादी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते. जर्मनीत गणिताच्या वर्गांवर 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मुलाच्या आजच्या कामाची तुलना त्याच्याच मागच्या कामाशी करणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात मुलांचं गणिताबद्दलचं स्वतःविषयीचं मत वरचं असतं. तळ्याचा परिणाम मात्र तिथंही पुसला जात नाही.

भाऊबीजेच्या दुपारी मी तिला जुलैचा आणि ऑक्टोबरचा पेपर काढायला सांगितला. दोन्हीत उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं गणित होतं. जुलैच्या कागदावर त्या जागी फक्त प्रश्नाचा नंबर आणि खाली कोरी जागा. ऑक्टोबरच्या कागदावर आकृती, घर्षणाचा बाण बरोबर दिशेला, चार ओळी नीट, आणि पाचवीत चुकलेलं एक चिन्ह. ती बराच वेळ दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिली. मग पेन मागितलं आणि ते चिन्ह दुरुस्त केलं.