बर्नआउट, ख्रिस्तातली ओळख आणि ठाण्याचा रविवार : एक पार्श्वभूमी

२००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. पुढच्या वर्षांत ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात आयटी पार्क भरत गेले, आणि या गाडीच्या गर्दीत गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेली माणसे वाढली. त्यांत वसईची, अहिल्यानगरकडची, केरळ-गोव्याहून आलेल्या घरांतली ख्रिस्ती मुलेमुलीही आहेत. इथल्या प्रवचनांत आणि युवकांच्या शिबिरांत ‘बर्नआउट’ (कामाच्या ताणाने आतून कोरडे पडणे) हा शब्द हल्ली सर्रास ऐकू येतो. त्यावरचे उत्तरही ठरलेले असते : तुझी ओळख ख्रिस्तात आहे, कंपनीत नाही. उत्तर चुकीचे नाही. पण ते कुठून आले आणि वाटेत त्याचे काय काय झाले हे ठाऊक नसेल, तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या वचनासारखे रोज दिसते आणि कधीच वाचले जात नाही.

वैद्यकीय बाजू आधी आटोपून घेऊ. १९७४ साली न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी या अवस्थेवर लेख लिहिला. ते दिवसा स्वतःचे रुग्ण तपासत आणि संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत राबत. तिथले स्वयंसेवक, आणि ते स्वतःही, हळूहळू कोरडे पडत गेले. त्यांचे एक निरीक्षण आजही बोचते : सगळ्यांत आधी मोडतात ते मन लावून, झोकून देऊन काम करणारे. कामचुकारांना हा त्रास सहसा होत नाही. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मासलाक आणि सुझन जॅक्सन यांनी तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात : आतून रिकामे होणे, माणसांविषयी कोडगेपणा येणे आणि आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आपल्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ, न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. नैराश्य वेगळे. त्याला डॉक्टरच हवा, आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर सरकारची १४४१६ ही टेली-मानस सेवा आहे. प्रार्थनेने औषध बंद करायला सांगणारा पाळक भेटला तर पाळक बदलावा.

ख्रिस्ती परंपरेत ही अवस्था पहिल्यांदा तपशीलवार लिहिली गेली ती इजिप्तच्या वाळवंटात, चौथ्या शतकाच्या अखेरीस. लिहिणारा एवाग्रियस हा एके काळी कॉन्स्टँटिनोपलमधला नावाजलेला धर्मसेवक होता. मोठ्या शहरातली चढती कारकीर्द सोडून तो संन्याशांमध्ये येऊन राहिला. त्याने ‘अकेडिया’ नावाच्या सैतानाचे जे वर्णन केले आहे ते वाचताना एखाद्या कॉल सेंटरमधली दुपार आठवावी. हा सैतान सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दोनपर्यंत मुक्काम ठोकतो. सूर्य हलेनासा होतो, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो, जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो. मग जागेचा वीट येतो, हातातल्या कामाचा वीट येतो, सोबतच्या भावांना आपली कदर नाही असे वाटू लागते, दुसरीकडे कुठेतरी बरे चालले असते असे विचार सुरू होतात. शेवटी घरची आठवण येते आणि पुढची सगळी वर्षे डोंगरासारखी समोर उभी राहतात.

अंतोनी नावाच्या संन्याशालाही याने गाठल्याची कथा त्याच वाळवंटातून आली आहे. (हा इजिप्तचा अंतोनी. मंगळवारच्या नोव्हेना-प्रार्थनेला ज्याच्यापुढे रांगा लागतात तो पदुआचा, याच्यानंतर जवळजवळ नऊशे वर्षांनी झालेला.) अंतोनीने देवाला विचारले, मी काय करू? तेव्हा त्याला आपल्यासारखाच एक माणूस दिसला. तो बसून दोरी वळत होता, मग काम ठेवून प्रार्थनेला उठत होता, पुन्हा बसून दोरी, पुन्हा प्रार्थना. एवढेच कर, असे त्याला सांगण्यात आले. मला या कथेत महत्त्वाचा वाटतो तो उठण्याचा क्षण. दोरी अर्धी आहे, तरी तो उठतो. काम पूर्ण झाल्याशिवाय उठायचे नाही असे मानणाऱ्याला ही साधना जमणारच नाही.

पुढची कहाणी मात्र वाईट आहे. कॅसियन नावाच्या संन्याशाने ही शिकवण पाचव्या शतकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, नेली. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी यांनी पापांची यादी नव्याने लावली, त्यात अकेडिया दुःखाच्या सदरात विरघळली, आणि मध्ययुग सरता सरता ती ‘आळस’ होऊन सात पापांत बसली. म्हणजे ज्या दुखण्याला वाळवंटातल्या गुरूंनी समजून घेतले होते, ते कबुलीजबाबाच्या पिंजऱ्यात गुन्हा ठरले. ‘थकलोय’ म्हणणाऱ्या मुलाला ‘प्रार्थना कमी पडतेय’ असे सुनावणारे काका-मावश्या आजही मंडळीत असतात. त्यांचा दोष कमी, हा वारसा जुना.

वास्तविक पवित्र शास्त्रातले उदाहरण याच्या नेमके उलट आहे. पहिल्या राजे पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला एलीया हा नुकताच कर्मेल डोंगरावर जिंकून आलेला संदेष्टा. ईजबेल राणीची धमकी येते आणि तो पळत सुटतो, बैर-शेब्यात चाकराला मागे ठेवतो, रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. कारण काय देतो? आपण आपल्या पूर्वजांहून काही चांगले नाही, असे. म्हणजे इतका वेळ तो स्वतःला कोणाशी तरी ताडून पाहत होता. यावर देवदूत त्याला प्रवचन देत नाही. झोपू देतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगरावर पोहोचल्यावर ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला दोनदा विचारला जातो, आणि दोन्ही वेळा तो तेच पाठ केलेले उत्तर देतो : मी एकटाच उरलो आहे. मग त्याला हिशेब कळतो, सात हजार माणसे अजून शिल्लक आहेत. आणि अलीशा नावाच्या दुसऱ्या माणसाला आपल्या जागी अभिषेक करायला सांगितले जाते. सगळे आपल्यावरच अवलंबून आहे हा त्याचा समज मोडला जातो, आणि त्या समजाबरोबर ओझेही उतरते.

ओळखीचा धागा नव्या करारात स्पष्ट होतो. मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशवाणी त्याला परमप्रिय पुत्र म्हणते, त्याच्याविषयी संतोष व्यक्त करते. तोवर त्याने एकही चमत्कार केलेला नाही, एकही शिष्य बोलावलेला नाही. आधी नाव, मग काम, असा हा क्रम आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने तो पुन्हा पुढे आणला, कारण तो स्वतः मठात उपास, जागरणे आणि तासन्‌तास चालणाऱ्या पापकबुलीने पिळून निघाला होता. कृत्यांनी नव्हे तर विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो, ही त्याला सापडलेली सुटका. गंमत अशी की त्याच्या पुढच्या पिढ्यांतल्या काही पंथांत उद्योगातले यश हीच देवाच्या निवडीची खूण होऊन बसली, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये मांडले. म्हणजे सुटकेच्या शिकवणीतूनच नवे जोखड तयार झाले.

अलीकडच्या काळात हा क्रम अंगावर घेऊन जगून पाहिलेला माणूस म्हणजे डच धर्मगुरू हेन्री नॉवेन. येल आणि हार्वर्डमध्ये शिकवणारा, भरपूर वाचला जाणारा हा लेखक १९८६ मध्ये टोरांटोजवळच्या एका वस्तीत राहायला गेला. तिथे मतिमंद, अपंग माणसांबरोबर राहायचे, त्यांना आंघोळ घालायची, भरवायचे. ज्यांची तो सेवा करत होता त्यांना त्याची पुस्तके वाचता येत नव्हती, त्यामुळे त्या कीर्तीचा तिथे काहीच उपयोग नव्हता. आपण जे करतो, आपल्याकडे जे असते आणि लोक आपल्याबद्दल जे बोलतात, तेच आपण आहोत हे खोटे आहे, असे तो सांगत राहिला. आणि हे सांगणारा हाच माणूस तिथे गेल्यावर दीड वर्षाच्या आतच मनाने कोसळला, कित्येक महिने उपचारांत राहिला. शिबिरांमध्ये हा भाग सांगितला जात नाही. ओळख पक्की असलेला माणूसही मोडू शकतो. मोडल्यावर आपली किंमत गेली असे त्याला मानावे लागत नाही, इतकाच फरक आणि तो पुरेसा मोठा आहे.

आता ठाण्याकडे. इथल्या ख्रिस्ती इतिहासाचे पहिले मोठे पान १३२१ चे आहे : चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्याला उतरले, इथल्या नेस्टोरियन (पूर्वेकडच्या जुन्या चर्चच्या) ख्रिस्ती घरांत राहिले आणि एप्रिलमध्ये मारले गेले. त्यांचे अवशेष पुढे ओडोरिक नावाचा प्रवासी चीनला घेऊन गेला. हुतात्म्यांचा अभिमान रास्तच, पण ज्या मंडळीचा आदर्श जीव देणारा असतो तिथे ‘मला झेपत नाही’ म्हणणे अवघड होते. मराठी ख्रिस्ती माणसासाठी ओळख हा प्रश्नही नवा नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर आणि जात दोन्ही दुरावली. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि अभंग लिहीत राहिले. गावठाणातल्या ईस्ट इंडियन (या भागातल्या मूळ कॅथलिक) माणसाला त्याची ओळख वाडी आणि पॅरिश देत असे. १९७० नंतर सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईच्या सेक्टरांत शेजारी पहिल्यांदा विचारतो तो ‘कुठे कामाला आहात?’

विश्रांती इथे फुकट मिळालेली नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा आहे ती दास, दासी, परदेशी, बैल, गाढव या सगळ्यांसाठी, आणि कारण दिले आहे ते मिसरातल्या गुलामीचे. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती सुट्टी मिळवून दिली ठाण्यात जन्मलेल्या एका सत्यशोधकाने. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, ‘दीनबंधु’ या वृत्तपत्रातून लढा चालवला, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांनी मांडलेले एक कारण खंडोबाचे होते : रविवार हा त्याचा वार. चर्चमध्ये जाणाऱ्या मराठी माणसाने रविवारी सकाळी हे नाव आठवायला हरकत नाही. ते १८९७ च्या प्लेगमध्ये गेले.

आज तो रविवार रोस्टरवर पुन्हा सरकतो आहे. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले, त्याचा कायदा झाला नाही. चोवीस तास चालणाऱ्या सपोर्टमध्ये साप्ताहिक सुट्टी मंगळवारीही पडते. कॅथलिकांना शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते, पण मंगळवारी सुट्टी असलेल्यासाठी बहुतेक मंडळ्यांकडे अजून काहीच नाही. आणि ज्याला रविवार मिळतो त्याच्याकडे गायनपथक, संडे स्कूल आणि युवासंघाची कामे आधीच वाटून ठेवलेली असतात. फ्रॉइडनबर्गरच्या दवाखान्यातही कामे येत असत ती स्वतःला झोकून देणाऱ्यांच्याच वाट्याला.