घरगुती रिमोट मदत : कनेक्शन का जुळत नाही

रिमोट मदत म्हणजे एका घरातल्या माणसाने दुसऱ्या घरातला कॉम्प्युटर इंटरनेटवरून आपल्या स्क्रीनवर बघायचा आणि परवानगी मिळाली की त्याचा माऊस-कीबोर्डही चालवायचा. यात दोघांनाही तीच स्क्रीन दिसत असते. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप हे वेगळं प्रकरण आहे, ते जोडलं की तिकडची स्क्रीन लॉक होते आणि तिथे बसलेल्याला काही दिसत नाही, शिवाय विंडोजच्या होम एडिशनच्या कॉम्प्युटरला तसं बाहेरून जोडताच येत नाही, त्याला प्रो ही महाग एडिशन लागते. घरच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा होमच असतं, त्यामुळे आईबाबांच्या लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉप चालू करायच्या नादात संध्याकाळ घालवू नये.

विंडोजमध्ये ही सोय २००१ साली एक्सपीबरोबर आली, नाव रिमोट असिस्टन्स. मदत मागणाऱ्याने एक आमंत्रणाची फाईल बनवून मेलने पाठवायची, त्या फाईलमध्ये त्याच्या कॉम्प्युटरचा आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) लिहिलेला, आणि मदत करणाऱ्याने ती उघडली की त्याचा कॉम्प्युटर ३३८९ नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं नंबर दिलेलं दार) थेट तिकडे जाऊन धडकणार. दोन्ही कॉम्प्युटर एकाच घरात असतील तर हे आजही छान चालतं. पण दोन वेगळ्या घरांत गाडी अडते, आणि त्याचं कारण गेल्या वीसेक वर्षांत बदललेलं नाही.

कारण असं की घरातल्या कॉम्प्युटरला बाहेरच्या जगात स्वतःचा पत्ताच नसतो. त्याच्याकडे बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असतो तो राऊटरने दिलेला, घरापुरताच. बाहेर दिसतो तो राऊटरचा पत्ता, म्हणजे सोसायटीच्या नावाने पत्र आलं पण फ्लॅट नंबरच नाही तसं, राऊटरला कळत नाही हे कुणाला द्यायचं आणि तो ते टाकून देतो. या पद्धतीला नॅट म्हणतात. बाहेर जाणारं कनेक्शन नॅटमधून बिनबोभाट जातं, अडतं ते आत येणारं, आणि जुनं रिमोट असिस्टन्स तर आत येणाऱ्यावरच अवलंबून होतं. त्यात राऊटर बंद-चालू झाला की पुष्कळदा आयपी बदलतो, म्हणजे सकाळी मेल केलेलं आमंत्रण दुपारी लाईट जाऊन आली की निकामी.

राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे अमुक पोर्टवर आलेलं अमुक कॉम्प्युटरला दे असं राऊटरला सांगून ठेवा, हा सल्ला यावर हमखास मिळतो. पण आता तो कितीतरी घरांत लागूच पडत नाही, कारण इंटरनेट कंपन्यांकडे आयपीव्ही४ चे (जुन्या पद्धतीचे आयपी) पत्ते पुरत नाहीत म्हणून त्या स्वतःच्या पातळीवर अजून एक नॅट लावतात (सीजीनॅट), मोबाईल डेटावर तर हे सर्रास असतं. हे ओळखायचं सोपं आहे, राऊटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता) बघायचा आणि ब्राउझरमध्ये "माझा आयपी" शोधून जो दिसतो त्याच्याशी ताडून बघायचा, दोन्ही वेगळे असले, किंवा राऊटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ मधला असला, तर आपल्या राऊटरमध्ये कितीही पोर्ट उघडली तरी उपयोग शून्य. हे तपासल्याशिवाय राऊटरला हात लावूच नये असं माझं ठाम मत आहे, कारण उघडं राहिलेलं ३३८९ पोर्ट बाहेरचे लोक सतत चाचपत असतात.

विंडोज ७ मध्ये इझी कनेक्ट आलं, फाईल नको, फक्त पासवर्ड सांगायचा. ते आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांवर आणि कॉम्प्युटरांनी एकमेकांना शोधायच्या पीएनआरपी नावाच्या यंत्रणेवर चालायचं, आणि तो पर्याय कित्येकांना करडाच दिसायचा, म्हणजे दाबताच यायचा नाही. पीएनआरपी विंडोज १० च्या १९०९ आवृत्तीत काढून टाकलं, त्यामुळे जुन्या लेखात वाचून आज कुणी इझी कनेक्ट लावत बसलं असेल तर त्याला तिथेच थांबवावं.

खरा मार्ग निघाला तो मधल्या सर्व्हरचा. दोन्ही कॉम्प्युटर आपणहून बाहेर जातात, एका सर्व्हरवर भेटतात, आत यायचा प्रश्नच येत नाही. टीमव्ह्यूअर (२००५), क्रोम रिमोट डेस्कटॉप (२०११), एनीडेस्क (२०१४) आणि २०१६ पासून विंडोज १० मध्ये आलेलं क्विक असिस्ट ही सगळी याच वळणाची. क्विक असिस्ट ४४३ पोर्ट वापरतं, म्हणजे ज्यावरून सगळ्या सुरक्षित वेबसाईट चालतात तेच. टीमव्ह्यूअर आधी ५९३८ पोर्ट बघतं, नाही जमलं तर ४४३ वर येतं.

तरीही अडतंच, पण मग कारणं साधी असतात. क्विक असिस्टचा कोड (मदत करणाऱ्याने सांगायचा, समोरच्याने टाकायचा) १० मिनिटंच चालतो, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मदत करणाऱ्याकडे लागतं, समोरच्याला नाही, आणि स्क्रीन दाखवायची परवानगी वेगळी, कंट्रोल द्यायची वेगळी, दुसऱ्या परवानगीची खिडकी पुष्कळदा मागे लपून राहते. जुन्या डेस्कटॉपवर मदरबोर्डचा सेल संपून तारीख मागे गेलेली असते, मग सर्टिफिकेट (सर्व्हरचं मुदत असलेलं ओळखपत्र) जुळत नाही आणि कुठलंच ॲप कनेक्ट होत नाही, म्हणून घड्याळ आधी बघावं. कनेक्ट होऊन मध्येच स्क्रीन काळी पडली किंवा गोठली तर ते बहुधा बिघाड नसतं. "या ॲपला बदल करू द्यायचे का" हा विंडोजचा प्रश्न मुद्दाम वेगळ्या सुरक्षित स्क्रीनवर येतो, तो रिमोटवाल्याला पुष्कळदा दिसत नाही, मग तिकडच्याने हो म्हणावं लागतं. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन परवानग्या सेटिंगमध्ये जाऊन द्याव्या लागतात, पहिली नसेल तर समोरच्याच्या खिडक्या दिसत नाहीत, दुसरी नसेल तर सगळं दिसतं पण माऊस हलत नाही. आणि तिकडचा कीबोर्ड मराठीवर असेल तर इकडून टाईप केलेला पासवर्ड देवनागरीत उमटू शकतो, विंडोज की आणि स्पेस दाबून भाषा बदलावी.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो सोबत चालू ठेवलेल्या फोनचा. "चालत नाहीये गं" यावरून काही कळत नाही, "आई, काय लिहून आलंय ते जसंच्या तसं वाच बघू" म्हटलं की अर्धं काम होतं. मुलगी परदेशात आणि आईबाबा साताऱ्याला, असं असेल तर हे सगळं झोपेच्या वेळेत करावं लागतं, म्हणून ॲप आधीच टाकून एकदा चालवून बघितलेलं बरं.

याच ॲपवरून फसवणूकही होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचा वापर करून खात्यातून पैसे काढले जातायत म्हणून बँकांना सावध केलं होतं. दोष ॲपच्या तंत्रात नव्हता, कोड अनोळखी माणसाला दिला जात होता. म्हणून घरच्यांना एकच नियम सांगून ठेवावा, फोन आपण केला असेल तरच कोड द्यायचा किंवा टाकायचा, समोरून आलेल्या फोनवर कधीच नाही, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करायचा. काम झाल्यावर ॲपमध्ये कायमचा पासवर्ड ठेवला असेल तर तोही काढून टाकावा.