धातुशोधकाने सुवर्णपूर्वेक्षण

हातात धरण्याजोगा धातुशोधक म्हणजेच मेटल डिटेक्टर जमिनीलगत फिरवून मातीत, गाळात किंवा खडकांच्या फटींत दडलेले नैसर्गिक सोन्याचे खडे हुडकण्याची पद्धत. सोन्याचे पिठासारखे बारीक कण या यंत्राला कळत नाहीत. त्यांच्यासाठी थाळीत गाळ धुण्याची जुनी रीतच लागते. यंत्राची बटणे समजायला फार वेळ लागत नाही, त्याचा आवाज समजायला मात्र महिने जातात, आणि या विद्येतील खरे शिक्षण तेच आहे.

यंत्राच्या दांड्याच्या टोकाशी तारेच्या वेटोळ्यांची चकती असते. वेटोळ्यातून निघणारे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते. वाटेत धातू आला की त्यात आवर्त प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह, उत्पन्न होतात, आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र चकतीने टिपल्यावर हेडफोनमधील सूर बदलतो. याच तत्त्वावरील उपकरणाने अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधून पाहिली, पण ती सापडली नाही. पलंगातील धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला असावा, असे मानले जाते. आजूबाजूच्या धातूने दिलेला हा चकवा आजच्या शिकाऊ माणसालाही पहिल्याच दिवशी भेटतो, आणि तो बहुधा त्याच्याच बुटांतील लोखंडाचा असतो.

सोन्याच्या कामात दोन प्रकारची यंत्रे चालतात. अखंड लहरी सोडणाऱ्या यंत्रांत वारंवारता जितकी जास्त तितके बारीक सोने चांगले कळते. म्हणून नाणी शोधण्याची यंत्रे साधारण ५ ते १५ किलोहर्ट्‌झवर चालतात, तर खास सोन्यासाठीची काही यंत्रे ५० किलोहर्ट्‌झच्याही पुढे जातात. दुसऱ्या प्रकारात विजेचे ठोके सोडून मधल्या शांततेत उत्तर ऐकले जाते. ही यंत्रे लोहयुक्त जमिनीत अधिक खोल पोचतात, पण लोखंड ओळखून वगळण्यात कमी पडतात.

सोने जिथे सापडते तिथली जमीन बहुधा मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजांनी भरलेली असते आणि ती स्वतःच बोलते. त्यामुळे सुरुवातीला धातू नसलेल्या जागी चकती वर-खाली करत, सूर स्थिर राहीपर्यंत यंत्र जमिनीशी जुळवून घ्यावे लागते, आणि माती बदलली की पुन्हा जुळवावे लागते. पार्श्वभूमीला एक मंद, सलग गुणगुण ठेवतात. खोलवरचा खडा कित्येकदा वेगळा आवाज न करता त्या गुणगुणीत केवळ एक हेलकावा देऊन जातो. चकती जमिनीला समांतर, जवळजवळ टेकवून आणि संथ फिरवायची असते. नवखा माणूस ती झोपाळ्यासारखी झुलवतो आणि दोन्ही टोकांना उचलतो. त्या उचललेल्या जागेखालचे सोने तसेच राहते.

संशयास्पद सूर आला की बुटाच्या टाचेने दोन बोटे माती खरवडावी. सूर नाहीसा झाला तर तो बहुधा जमिनीचाच होता. टिकला किंवा वाढला तर खणावे. लोखंड वगळण्याची सोय शिकताना बंदच ठेवलेली बरी, कारण खनिजयुक्त मातीत लहान सोने लोखंडासारखे बोलू शकते. याचा अर्थ खिळे, बंदुकीचे छरे आणि पत्र्याचे तुकडे निमूटपणे खणत राहायचे. छऱ्यांचा एक उपयोग आहे : शिशाचा आवाज सोन्याच्या जवळचा असल्याने ते निरनिराळ्या खोलीवर पुरून कान तयार करता येतो.

खणलेल्या मातीत ज्वारीच्या दाण्याएवढा खडा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून माती प्लॅस्टिकच्या डावात घेऊन चकतीवरून फिरवतात, सूर आला तर निम्मी माती दुसऱ्या हातात काढून पुन्हा तपासतात, आणि असे करत शेवटी चिमूटभर माती उरते. ज्या हाताने ही माती न्यायची त्यात अंगठी नसावी.

शोध जुन्या सुवर्णक्षेत्रांतच फळतो. पूर्वीच्या खाणकामगारांनी उपसून टाकलेल्या ढिगांतही त्यांच्या नजरेतून सुटलेले खडे मिळतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात किंगोवरजवळ १९८० मध्ये धातुशोधकाने सापडलेला 'हँड ऑफ फेथ' हा सुमारे २७ किलोग्रॅमचा खडा जमिनीखाली केवळ ३० सेंटिमीटरवर होता. त्या राज्यात हौशी शोधासाठी 'मायनर्स राइट' हा परवाना लागतो, तो १० वर्षे चालतो, आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवणे परवानाधारकावर बंधनकारक असते.