आठवणी तुमच्या, शब्दांकन आमचं: पुस्तकावर नाव कुणाचं?

पहिल्या भेटीत बहुतेक जण जरा अडखळतच विचारतात, "लिहिणार तुम्ही, मग माझं नाव लावलं तर चालेल ना?" चालेल. आयुष्य तुम्ही जगलात, सांगताय तुम्ही. मुखपृष्ठावर नाव तुमचंच हवं. आतल्या पानावर मात्र 'शब्दांकन' म्हणून लिहिणाऱ्याचं नाव एका ओळीत असावं, असा आमचा आग्रह असतो.

नाव स्पष्ट नसलं की पुढे कुणाचं काय हे कळेनासं होतं. संत नामदेवांच्या गाथेत नंतरच्या काळातल्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना मिसळल्या. दोघांचीही नाममुद्रा 'नामा', त्यामुळे त्या निवडताना अभ्यासकांची दमछाक होते. टोपणनावाची गोष्ट वेगळी. शिरवाडकरांनी कविता 'कुसुमाग्रज' या नावाने छापल्या, पण हात त्यांचाच होता.

हक्कांचं काय?

इथे बरेच जण फसतात, म्हणून सविस्तर सांगतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नुसते पैसे दिल्याने मजकुराचा हक्क तुमच्याकडे येत नाही. लिहून देणारा तुमचा पगारी नोकर नसेल तर हक्क आधी त्याच्याकडेच असतो. तो तुमच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आमच्या करारात म्हणूनच 'संपूर्ण मुदतीसाठी, जगभर' असं लिहिलेलं असतं. ती ओळ सही करण्यापूर्वी स्वतः वाचा.

हक्क दिल्यावरही 'हे मी लिहिलंय' असं सांगण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७नुसार राहतो. शब्दांकनाची ओळ तुम्हाला अजिबातच नको असेल, तर त्या लेखकाशी आधी बोलून त्याची संमती आम्ही वेगळी लिहून घेतो. त्याला न विचारता नाव गाळणार नाही.

भाषा तुमचीच राहील का?

एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरकाकांच्या कच्च्या मसुद्यात आम्ही लिहिलं होतं, 'मी इशारा देताच बस निघाली.' काकांनी लाल पेनाने ते खोडलं आणि वर लिहिलं, 'डबल दिली.' पुस्तकात तेच छापलं. त्या दिवसापासून प्रत्येक प्रकरण आम्ही तुमच्यासमोर मोठ्याने वाचतो. कानाला परकं वाटलं की तिथेच थांबवायचं, भीड धरायची नाही.

पीएचडीचे प्रबंध आणि स्पर्धेच्या कथा आम्ही लिहून देत नाही, कितीही पैसे दिले तरी. तिथे पदवी किंवा बक्षीस लिहिणाऱ्याच्या कामाला मिळतं.

येताना जुने फोटो, पत्रं, डायऱ्या आणा. बोलणं रेकॉर्ड करू. पुस्तक झालं की त्याची प्रत घरच्यांसाठी देऊ.