दुप्पट म्हणजे लाखात किती?

18 ऑक्टोबर 1995 रोजी ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने देशभरातल्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना एक तातडीचं पत्र पाठवलं. गर्भनिरोधक गोळ्यांच्या तिसऱ्या पिढीतल्या काही गोळ्या घेतल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या जवळजवळ दुप्पट असतो, असं त्यात म्हटलं होतं. अनेक डॉक्टरांच्या हातात पत्र पडण्याआधीच बातमी टीव्हीवर झळकली. दवाखान्यांचे फोन खणाणू लागले. ‘आधी डॉक्टरांना विचारा, हाताशी असलेलं पाकीट पूर्ण करा’ हा सल्ला बाजूला राहिला, ‘दुप्पट’ एवढंच कानात राहिलं. कित्येक स्त्रियांनी गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या.

पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. त्याआधीची काही वर्षं हा आकडा कमी होत चालला होता.

आता त्या ‘दुप्पट’च्या मुळाशी जाऊ. जुन्या गोळ्या वर्षभर घेणाऱ्या एक लाख स्त्रियांपैकी साधारण 15 जणींना गुठळी व्हायची. नव्या गोळ्यांवर 25 ते 30 जणींना. म्हणजे लाखात 10 ते 15 ची वाढ. आणि गरोदरपणात? तेव्हाच्या हिशेबानुसार लाखात 60. गुठळीच्या भीतीने गोळी सोडून ज्यांना दिवस गेले, त्यांच्या वाट्याला गुठळीचाच धोका आणखी वाढून आला. समितीने लपवलं काहीच नव्हतं, संशोधनही खोटं नव्हतं. फक्त लोकांपर्यंत पोहोचला तो अर्धा आकडा.

त्या स्त्रियांना उतावळं किंवा अडाणी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ‘तुमच्या औषधाने धोका दुप्पट होतो’ एवढंच कुणी मला सांगितलं, तर मीही ते औषध खाली ठेवेन. मिळालेल्या माहितीवर त्यांनी घेतलेला निर्णय तर्काला धरूनच होता. दोष असेल तर ज्यांच्या हातात पूर्ण आकडा होता आणि ज्यांनी तो अर्धा करून वाटला, त्यांचा.

संख्याशास्त्रात याला सापेक्ष आणि निरपेक्ष धोका म्हणतात. सापेक्ष म्हणजे आधीच्या तुलनेत किती पट. निरपेक्ष म्हणजे इतक्या माणसांमागे प्रत्यक्षात किती जणांना. पहिला आकडा मथळ्यासाठी सोयीचा असतो, कारण तो नेहमी मोठा दिसतो. लाखात एकाचे दोन झाले काय किंवा शंभरात वीसचे चाळीस झाले काय, दोन्हीकडे ‘शंभर टक्के वाढ’च छापून येते. गोळी घ्यायची की नाही हे ठरवायला मात्र दुसरा आकडा लागतो, आणि तो बातमीत असला तरी शेवटच्या परिच्छेदात असतो.

याहून कितीतरी मोठी घटना सात वर्षांनी अमेरिकेत घडली. तिचे परिणाम आजही जगभरातल्या, आपल्याकडच्याही, पन्नाशीच्या आसपासच्या बायका भोगत आहेत.

पाळी थांबते तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन झपाट्याने कमी होतं. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने कपडे भिजतात, झोप उडते, चिडचिड होते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. बाहेरून इस्ट्रोजेन दिलं की वाफा थांबतात, हे अनेक दशकांपासून माहीत होतं. गर्भाशय शाबूत असेल तर नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत. त्याने गर्भाशयाचं अस्तर वाढून कर्करोगाची भीती असते, म्हणून सोबत प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन जोडतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

1990 च्या दशकात अमेरिकेत ही हार्मोन्स वाफांपुरती राहिली नव्हती. ती घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं मोठ्या पाहण्यांमध्ये दिसलं होतं. त्यामुळे हृदयरोग टाळायला म्हणूनही डॉक्टर ती लिहून देत होते. पण पाहणीत एक खोच असते. हार्मोन घेणाऱ्या स्त्रिया बहुधा जास्त शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या, नियमित तपासण्या करणाऱ्या होत्या. त्यांचं हृदय ठणठणीत होतं ते हार्मोनमुळे की त्यांच्या एकूण राहणीमानामुळे? हे ठरवायचं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी द्यावी लागते. त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1991 मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा प्रचंड प्रकल्प सुरू केला. बर्नडीन हीली तेव्हा संस्थेच्या संचालक होत्या, त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री. तोवर स्त्रियांच्या उतारवयातल्या आजारांवर एवढ्या मोठ्या प्रमाणात कुणी पैसा आणि कष्ट घातले नव्हते. पुढे जे झालं ते कितीही गुंतागुंतीचं असलं, तरी हा प्रकल्प व्हायलाच हवा होता.

त्यातल्या एका चाचणीत गर्भाशय असलेल्या 16,608 स्त्रिया होत्या. त्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची जोडगोळी किंवा बिनऔषधाची गोळी मिळत होती. साडेआठ वर्षं चालायची ही चाचणी सरासरी 5.2 वर्षांनी, 9 जुलै 2002 रोजी थांबवल्याचं जाहीर झालं. तोट्यांचं पारडं फायद्यांहून जड झालं, असं देखरेख मंडळाचं मत पडलं होतं. स्तनांच्या कर्करोगात 26 टक्के वाढ, हृदयविकारात 29 टक्के, पक्षाघातात 41 टक्के. हे आकडे त्या संध्याकाळी घराघरांत पोहोचले.

आता तेच आकडे दुसऱ्या रीतीने मांडू. बिनऔषधाच्या गोळीवरच्या 10,000 स्त्रियांपैकी वर्षभरात 30 जणींना स्तनांचा कर्करोग होत होता, जोडगोळीवरच्या 10,000 मध्ये 38 जणींना. आठ जणी जास्त. पक्षाघाताच्याही आठ जास्त, हृदयविकाराच्या सात जास्त, फुप्फुसात गुठळी अडकण्याच्या आठ जास्त. दुसऱ्या बाजूला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सहा कमी आणि खुब्याचं हाड मोडण्याच्या पाच कमी. हे धोके नगण्य नाहीत. कोट्यवधी निरोगी स्त्रिया वर्षानुवर्षं हृदयाच्या भल्यासाठी म्हणून औषध घेत असतील, तर दहा हजारांत आठ म्हणजे खूप झाल्या. म्हणून त्या वापरापुरती चाचणी थांबवणं योग्यच होतं. पण वाफांनी रात्र रात्र जागणाऱ्या एका पन्नाशीच्या बाईने दोन-तीन वर्षं हार्मोन घ्यावं का, हा प्रश्न पूर्ण वेगळा आहे आणि या चाचणीने तो विचारलाच नव्हता. सहभागी स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं. त्यातल्या बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं लोटली होती.

वयाचा हा मुद्दा कळीचा निघाला. पाळी गेल्यानंतर दहा वर्षांच्या आत हार्मोन सुरू केलेल्या स्त्रियांमध्ये हृदयविकार वाढलेला दिसला नाही. खूप उशिरा सुरू केलेल्यांमध्ये तो वाढताना दिसला. हे विश्लेषण 2007 मध्ये प्रसिद्ध झालं, त्याच प्रकल्पाच्या संशोधकांनी केलेलं. 2017 मध्ये त्यांनीच 18 वर्षांचा पाठपुरावा छापला. कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण हार्मोन घेतलेल्यांमध्ये 27.1 टक्के, न घेतलेल्यांमध्ये 27.6 टक्के, म्हणजे जवळपास सारखं. या बातम्यांसाठी मात्र दवाखान्यांचे फोन खणाणले नाहीत.

2002 च्या आधी अमेरिकेत वर्षाला 9 कोटींच्या आसपास हार्मोनच्या चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या. वर्षभरात तो वेग 5.7 कोटींवर आला. याचा काही फायदाही झाला असावा. 2003 मध्ये तिथे स्तनांच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांचं प्रमाण 6.7 टक्क्यांनी घटलं आणि त्यात हार्मोन सोडल्याचा वाटा आहे, असं अनेक तज्ज्ञ मानतात. म्हणून लोकांची प्रतिक्रिया सरसकट चुकीची होती असं मी म्हणणार नाही. ती आंधळी होती. ज्यांनी सोडायला हवं होतं त्यांनी सोडलं, आणि ज्यांना खरी गरज होती त्यांनीही सोडलं. 2003 पासून तिथल्या सगळ्या इस्ट्रोजेनच्या औषधांवर चौकटीतला ठळक इशारा छापला जाऊ लागला, अगदी योनीच्या कोरडेपणासाठी लावायच्या कमी मात्रेच्या मलमावरसुद्धा. ते औषध रक्तात जेमतेम उतरतं. हा इशारा काढण्याचा निर्णय 2025 च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला. मध्ये बावीस वर्षं गेली. आज पंचाहत्तरीत असलेल्या कितीतरी जणींनी आपली पन्नाशीतली ती वर्षं ‘सहन करायचंच असतं’ म्हणत काढली.

मनाच्या औषधांचंही अगदी असंच होताना आपण नुकतंच पाहिलं. जुलै 2022 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांचा लेख प्रसिद्ध झाला. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं याला सुसंगत पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. काही दिवसांतच तो ‘नैराश्यावरच्या गोळ्या निरुपयोगी’ अशा रूपात जगभर फिरला. मॉन्क्रिफ या गोळ्यांच्या जुन्या टीकाकार आहेत हे खरं, पण त्या लेखात गोळ्यांचा गुण तपासलेलाच नव्हता, तपासलं होतं ते कारण. डोकेदुखी काही शरीरात पॅरासिटामॉल कमी पडल्याने होत नाही, तरी त्या गोळीने ती थांबते. गुण येतो का हे पाहणारं काम वेगळं आहे. 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात 522 चाचण्या आणि 1,16,477 रुग्ण होते. त्यातली सर्व 21 औषधं बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक फार मोठा नव्हता, पण होता.

तरीही लोक चिडले आणि त्या चिडण्यात तथ्य होतं. ‘तुमच्या मेंदूत एक रसायन कमी पडलंय, ही गोळी ते भरून काढते’ असं त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं होतं. सोपं करून सांगण्याच्या नादात जे सिद्ध झालं नव्हतं ते सिद्ध झाल्यासारखं सांगितलं गेलं. ते उघडं पडल्यावर उरलेल्या सल्ल्यावरचाही विश्वास उडाला, तर नवल काय? धोका आहे तो पुढच्या पावलात. या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, झोप उडणं असे त्रास होतात आणि नैराश्य उलटू शकतं. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. फॉरवर्ड झालेल्या मेसेजमध्ये हे वाक्य नसतं.

आता पुन्हा हार्मोनकडे, कारण आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न शहरी पन्नाशीपुरता नाही. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. आणि बीड जिल्ह्यात ती कितीतरी जणींची त्याहूनही खूप आधी, ऑपरेशनच्या टेबलावर गेली आहे. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीने ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती गोळा केली. 80 हजारांहून अधिक स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कित्येक जणी तेव्हा तिशीतही पोहोचल्या नव्हत्या. पाळीत कामाला खाडा पडला की मुकादम उचलीतून पैसे कापतो. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं की ‘पिशवीत गाठ आहे, कॅन्सर होईल’ अशी भीती. त्यातून हे होत गेलं.

यांच्यापैकी ज्यांचे अंडाशयही काढले गेले, त्यांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन पंचविशी-तिशीतच एकदम संपलं. अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. हाडं आणि हृदय दोन्हींवर याचा परिणाम होतो. पंचेचाळिशीच्या आत असं झालं असेल आणि स्तनांच्या कर्करोगासारखी अडचण नसेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असाच स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांचा सल्ला आहे. ‘हार्मोनने कॅन्सर होतो’ ही 2002 ची धास्ती इथे लागूच होत नाही. गर्भाशय नसलेल्या बाईला प्रोजेस्टिनची गरज नसते, तिला नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. आणि त्याच अमेरिकी प्रकल्पात गर्भाशय काढलेल्या 10,739 स्त्रियांची स्वतंत्र चाचणी होती. नुसत्या इस्ट्रोजेनवरच्या त्या स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग वाढला नाही. 2020 मधल्या पाठपुराव्यात तर तो कमी झालेला दिसला. पक्षाघाताचा धोका मात्र थोडा वाढला होता, आणि तोही साठीच्या पुढे-मागे असलेल्या स्त्रियांमध्ये.

बीड, परळी, केज, धारूरच्या भागात आरोग्यसेविकांनी आणि डॉक्टरांनी पिशवी काढलेल्या प्रत्येकीला एक गोष्ट आवर्जून विचारायला हवी: अंडाशय ठेवले आहेत की काढले? डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असायला हवं. कार्ड हरवलं असेल, तर सोनोग्राफी आणि रक्तातल्या एफएसएच या हार्मोनच्या तपासणीवरून अंदाज येतो. त्या उत्तरावर पुढची वीस वर्षं इस्ट्रोजेन द्यायचं की नाही, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व किती, हाडांची घनता कधी मोजायची, हे सगळं अवलंबून आहे.