क्षीणन

क्षीणन : तरंग, प्रारण, विद्युत् संकेत, रोगजंतू किंवा एखादा मोजलेला संबंध यांचे मूळ स्वरूप न बदलता त्यांची तीव्रता कमी होणे अथवा ती मुद्दाम कमी करणे. भौतिकी आणि संदेशवहनात क्षीणन ही बहुधा टाळावयाची हानी असते. लसविज्ञानात तेच साध्य असते, तर रेणवीय जीवविज्ञानात ते जनुकनियंत्रणाचे एक साधन असते. संज्ञा एक असली तरी या सर्वांमागे एकच नियम नाही. पुढे दिलेला घातांकी नियम तरंग आणि प्रारण यांपुरताच आहे.

प्रकाश व प्रारण : एकजिनसी माध्यमाचा समान जाडीचा प्रत्येक थर त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाची समान राशी नव्हे, तर समान अंश काढून घेतो; हाच घातांकी नियम. पहिल्या थरातून निम्मा प्रकाश पार झाला, तर दुसऱ्यातून पाव आणि तिसऱ्यातून एक-अष्टमांश उरतो. ही घट शोषण आणि प्रकीर्णन (प्रकाश इतस्ततः विखुरणे) यांची बेरीज असते. नियमाचे श्रेय पाठ्यपुस्तके सहसा बीअर व लँबर्ट यांना देतात, पण अग्रक्रम प्येर बूगेर यांचाच मानणे योग्य ठरेल. त्यांनी हा नियम १७२९ मध्ये मांडला. लँबर्ट यांनी १७६० मध्ये त्याला गणिती रूप देताना बूगेर यांचा उल्लेखही केला होता. बीअर यांचे १८५२ मधील काम रंगीत विद्रावांवरचे आहे. विद्रावाची संहती आणि प्रकाशमार्गाची लांबी यांचा मेळ त्यांनी दाखवला. आज प्रयोगशाळेत वापरले जाणारे सूत्र मात्र त्यांच्या लेखात त्या रूपात आढळत नाही, ते नंतरचे दिसते.

नियम काटेकोरपणे लागू पडण्यासाठी एकाच तरंगलांबीची, अरुंद शलाका लागते. रुंद शलाकेत प्रकीर्णित प्रारणाचा काही भाग पुन्हा शोधकापर्यंत पोहोचतो आणि क्षीणन प्रत्यक्षाहून कमी भासते. गॅमा किरणांसाठी संरक्षक भिंतीची जाडी ठरवताना ही दुरुस्ती विसरून चालत नाही. तीव्रता निम्मी करणारी जाडी म्हणजे अर्धमूल्य जाडी. सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांसाठी शिशाची अर्धमूल्य जाडी सुमारे ६·५ मिमी., तर कोबाल्ट-६० साठी सुमारे १२ मिमी. असते.

ताऱ्यांचा प्रकाश आंतरतारकीय धुळीमुळे मंदावतो, हे रॉबर्ट ट्रंपलर यांनी १९३० मध्ये तारकागुच्छांच्या अभ्यासातून दाखवले. निळा प्रकाश अधिक अडत असल्याने दूरचे तारे तांबूसही दिसतात.

ध्वनी व भूकंपतरंग : उगमापासून दूर जाताना तरंग पसरतो आणि त्याची तीव्रता कमी होते, पण या भौमितिक विस्ताराला काटेकोर अर्थाने क्षीणन म्हणू नये, कारण त्यात ऊर्जा नष्ट होत नाही. भूकंप अभियांत्रिकीत मात्र अंतरानुसार हादरा किती घटतो ते सांगणाऱ्या सूत्रांत दोन्ही परिणाम एकत्र घेतात. यामुळे दोन शाखांतील आकडे थेट पडताळता येत नाहीत. वायूतील श्यानतेमुळे (अंतर्गत घर्षणामुळे) होणारे ध्वनिशोषण स्टोक्स यांनी १८४५ मध्ये मांडले, उष्णतावहनाचा वाटा किरखोफ यांनी १८६८ मध्ये जोडला. हे शोषण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दूरच्या मेघगर्जनेतला कडकडाट हरवून नुसती घरघर का उरते, त्याचे एक कारण हेच.

सोनोग्राफीत हाच प्रश्न तडजोडीचा होतो. मऊ ऊतींत क्षीणन दर सेंमी.ला, दर मेगॅहर्ट्झला अंदाजे ०·५ डेसिबल धरतात (दर १० डेसिबलला तीव्रता एक-दशमांश होते). ५ मेगॅहर्ट्झचा तरंग १० सेंमी. खोल जाऊन परत येईपर्यंत ५० डेसिबल, म्हणजे एक लाख पटींनी क्षीण होतो. प्रतिमा स्पष्ट हवी तर वारंवारता वाढवावी लागते, आणि ती वाढवली की खोली हातची जाते.

संदेशवहन : लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारांत आवाज क्षीण तर होईच, शिवाय निरनिराळ्या वारंवारता कमीअधिक क्षीण होऊन बोलणे कळेनासे होई. तारेचे प्रवर्तकत्व (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुणधर्म) वाढवावे, हा उपाय हेव्हिसाइड यांनी १८८७ मध्ये सिद्धांतरूपाने सुचवला होता. त्यासाठी ठरावीक अंतरांवर वेटोळी बसवण्याचे अमेरिकी एकस्व (पेटंट) १९०० मध्ये प्यूपिन यांना मिळाले. कॅम्बेल यांनी स्वतंत्रपणे तेच काम केले होते. सिद्धांत हेव्हिसाइड यांचा आणि अभियांत्रिकी मुख्यतः कॅम्बेल यांची, असा निवाडा बराचसा मान्य होण्यासारखा आहे. पैसा मात्र प्यूपिन यांना मिळाला.

ऑप्टिकल फायबरचा इतिहास हा क्षीणनाशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे. १९६६ मध्ये काओ आणि हॉकहॅम यांनी दाखवले, की दर किमी.ला सुमारे १,००० डेसिबल ही तेव्हाच्या काचेतील हानी मुख्यतः अशुद्धींमुळे आहे, आणि ती २० डेसिबलच्या खाली आली तर काचेचे तंतू दूरसंदेशवहनाला चालतील. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीतील मॉरर, केक आणि शुल्त्झ यांनी १७ डेसिबल गाठले. आज १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीला हा आकडा सुमारे ०·२ आहे. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक अंश उरणे. ज्या हानीला एक किमी. पुरे होता, तिला आता शंभर किमी. लागतात. उरलेले क्षीणन मुख्यतः काचेतील रॅली प्रकीर्णनाचे (काचेच्या घनतेतील सूक्ष्म चढउतारांमुळे प्रकाश विखुरण्याचे) आहे आणि ते शुद्धीकरणाने जात नाही.

लसविज्ञान : येथे क्षीणन म्हणजे रोगजंतू जिवंत ठेवून त्याची रोगकारकता घटवणे. मारलेल्या जंतूंची लस यात मोडत नाही. जेन्नर यांची १७९६ ची लसही काटेकोरपणे यात बसत नाही, कारण तीत देवीचा विषाणू दुबळा केलेला नव्हता, दुसराच सौम्य विषाणू वापरला होता.

क्षीणनाचा शोध पाश्चर यांच्या नावे आहे. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे संवर्धन १८७९ च्या उन्हाळी सुटीत तसेच पडून राहिले, ते टोचलेल्या कोंबड्या वाचल्या आणि पुढे ताज्या जंतूंनाही पुरून उरल्या, अशी गोष्ट सर्वत्र सांगतात. पाश्चर यांच्या नोंदवह्या १९७० च्या दशकात अभ्यासकांना खुल्या झाल्यावर ही गोष्ट फार सोपी करून सांगितल्याचे दिसू लागले. शोध एका दिवसाचा नसून काही महिन्यांचा होता आणि त्यात पाश्चर यांचे सहकारी एमिल रू यांचा वाटा मोठा होता, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. पाश्चर यांच्या मते हवेतील ऑक्सिजनमुळे जंतू दुबळे होत.

काळपुळीच्या (अँथ्रॅक्सच्या) लसीबाबत वाद अधिक तीव्र आहे. तूलूझचे पशुवैद्यक तूसँ यांनी १८८० च्या उन्हाळ्यात बाधित रक्त ५५° से. पर्यंत तापवून मेंढरांचे रक्षण केले होते. पाश्चर यांनी मे १८८१ मध्ये पूयी-ल-फोर येथे जाहीर प्रयोग केला. लस दिलेली मेंढरे जगली, न दिलेली मेली. जंतू ४२–४३° से. तापमानात वाढवून ऑक्सिजनने क्षीण केले, असा लोकांचा समज झाला. प्रत्यक्षात वापरलेली लस पाश्चर यांचे सहकारी शांबेरलां यांनी पोटॅशियम डायक्रोमेटने तयार केलेली होती. पुढे १९८० च्या दशकात दिसून आले, की त्या तापमानात जंतू विषनिर्मितीचे जनुके असलेले प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरील डीएनएचे वलय) गमावतो. पद्धत खरी होती, स्पष्टीकरण बहुधा चुकले होते.

नंतरच्या लसींत वारंवार पुनःसंवर्धन हाच मार्ग राहिला. काल्मेत व गेरँ यांनी गोवंशीय क्षयजंतू पित्त-ग्लिसरीन-बटाट्याच्या माध्यमावर १९०८ ते १९२१ या काळात सुमारे २३० वेळा वाढवून बीसीजी लस सिद्ध केली. पीतज्वराची १७डी लस १९३७ ची; तीबद्दल थायलर यांना १९५१ चे नोबेल मिळाले. क्षीणित विषाणू पुन्हा उग्र होऊ शकतो, हा या पद्धतीचा कायमचा धोका. तोंडाने देण्याच्या पोलिओ लसीत तो प्रत्यक्ष दिसतो.

जनुकनियंत्रण : येथे क्षीणन म्हणजे जनुकाचे लेखन (डीएनएवरून आरएनए बनणे) सुरू होऊन मध्येच थांबणे. ई. कोलाय जंतूतील ट्रिप्टोफॅन ओपेरॉनात (ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो अम्ल बनवणाऱ्या, एकत्र नियंत्रित होणाऱ्या जनुकांच्या समूहात) चार्ल्स यानोफ्स्की यांनी १९७० च्या दशकात ही यंत्रणा उलगडली. आरएनएच्या सुरुवातीच्या भागात १४ ॲमिनो अम्लांच्या लहान पेप्टाइडचा संकेत असून त्यात ट्रिप्टोफॅनचे दोन कोडॉन (ॲमिनो अम्ल दर्शवणारे तीन अक्षरी संकेत) लागोपाठ येतात. ट्रिप्टोफॅन मुबलक असेल तर रायबोसोम (आरएनए वाचून प्रथिन बनवणारा कण) थांबत नाही, आरएनएचे पुढचे दोन खंड घडी घालून समापक (लेखन थांबवणारी रचना) बनवतात आणि लेखन अर्ध्यावर तुटते. ट्रिप्टोफॅन कमी असेल तर रायबोसोम त्या कोडॉनांवर अडकतो, वेगळी घडी पडते आणि लेखन चालू राहते. लेखन व भाषांतर (आरएनएवरून प्रथिन बनणे) एकाच वेळी चालत असेल तरच हे शक्य आहे, म्हणून केंद्रक असलेल्या पेशींत केंद्रकीय जनुकांबाबत ही यंत्रणा या रूपात संभवत नाही.

इतर : मद्यनिर्मितीत किण्वनाने द्रवाची घनता किती उतरली ते क्षीणन. पाण्याची घनता १ धरून ती १·०५० वरून १·०१० झाल्यास आभासी क्षीणन ८० टक्के. अल्कोहॉल पाण्याहून हलके असल्याने खरे क्षीणन सुमारे ६५ टक्केच असते. जलविज्ञानात जलाशयामुळे पुराचा माथा खाली येण्यालाही हीच संज्ञा आहे.

संख्याशास्त्रात मापनातील चुकांमुळे दोन चलांमधला सहसंबंध खऱ्याहून कमी दिसतो. स्पीअरमन यांनी १९०४ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली : दिसलेला सहसंबंध दोन्ही मापनांच्या विश्वसनीयतांच्या (मापन चुकांपासून किती मुक्त आहे ते सांगणाऱ्या ० ते १ मधील आकड्यांच्या) गुणाकाराच्या वर्गमुळाने भागावा. विश्वसनीयता ०·७ आणि ०·८ असतील, तर ०·४२ चे सुमारे ०·५६ होते. या दुरुस्तीने सहसंबंध कधीकधी १ च्याही वर जातो, असा कार्ल पीअर्सन यांचा आक्षेप होता.