बास्केटबॉलने उंची वाढत नाही

एप्रिल उजाडला की सोसायटीच्या गेटवर उन्हाळी शिबिरांची पत्रकं लागतात आणि ‘उंची वाढायला हवी ना, मग बास्केटबॉललाच घाला’ हा जुना सल्ला फिरू लागतो. गफलत अशी, की खेळून मुलं उंच होत नाहीत. उंच मुलं संघात निवडली जातात. उंची मुख्यतः आईबाबांकडून येते, बाकी आहार, झोप, आजारपण. बारला लटकल्यावर मणक्यांमधल्या चकत्या जरा ताणतात, संध्याकाळपर्यंत पुन्हा दबतात. (सकाळी उठल्यावर आपण सगळेच सेंटिमीटरभर उंच असतो!)

पैसे भरण्याआधी मैदानावर चक्कर मारा. एका प्रशिक्षकामागे किती मुलं, सावली कुठे, पाणी कुठे, प्रथमोपचार पेटी उघडून दाखवतात का? आणि पोरालाही विचारा. त्याला कदाचित खो-खोच खेळायचा असेल.